दादाच्या रक्तातली आवक-जावक

माझी पुतणी गणितात एम.एस्सी. करत होती, तेव्हा तिच्या प्रकल्पाचा विषय गावात कुणाला नीट सांगता येत नव्हता. शरीरात शिरलेला विषाणू आतल्या आत कसा पसरतो, त्याचं गणिती प्रारूप, असा तो विषय. माझ्या आईने तो आपल्यापुरता सोपा करून घेतला होता. धसईच्या बाजारात कुणी विचारलं, "नात काय शिकतंय गो तुजी?" की आई सांगे, "रगतातल्या किड्यांची बेरीज-वजाबाकी." विचारणारी बाई मान हलवून पुन्हा भेंडी निवडायला लागे. आईची ही व्याख्या फारशी चुकीची नव्हती, हे मला नंतर कळलं.

घरची माहिती आधी देतो. आमचं घर धसईपासून थोडं आत. थोरला भाऊ, म्हणजे दादा, शेती करतो. पावसाळ्यात भात, मग भेंडी, काकडी, गवार. मी वाशिंदच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचो आणि बायकामुलांसह तिथेच राहायचो. माल किती आला, किती गेला, शिल्लक किती आणि फाटकाजवळच्या वजनकाट्यावर ट्रकचं वजन बरोबर लागलं की नाही, हे माझं काम. पुतणी ही दादाची एकुलती एक मुलगी.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दादाला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले, अन्नावरची वासना गेली. आमच्याकडे कावीळ म्हटली की डॉक्टर नंतर, माळ आधी. शहापूरकडच्या एका वाडीत माळ देणारे एक गृहस्थ होते. कुठल्याशा वेलीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असत. माळ आधी टोपीसारखी डोक्यावर बसते. मग रोज थोडी थोडी लांबते, गळ्यात येते, कमरेला येते आणि शेवटी पायातून उतरते. माळ उतरली की कावीळ उतरली. तोवर पथ्य कडक. तेल नाही, हळद नाही, मिरची नाही. माळ उतरल्यावर ती आणि उरलेला झाडपाला आई स्वतः ओहोळात सोडायची, कारण सरलेल्या आजाराचं औषध घरात राहिलं तर आजार त्याच्या मागे परत येतो, असं आमच्या घरात मानतात. त्या दिवशी कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकरी. याला पथ्य सोडणं म्हणतात.

मला सवय अशी की लांबणारी वस्तू दिसली की मोजायची. त्या गृहस्थांकडून मी आणखी एक माळ मागून आणली आणि ओटीवरच्या खुंटीला अडकवली. दादाची माळ लांबत गेली तशी खुंटीवरचीही लांबत गेली. काड्या सुकतात, आक्रसतात, गाठी सैल होतात. मी आईला म्हटलं, "आई, खुंटीला तर कावीळ नाही. मग तिची माळ का उतरतेय?"

आई म्हणाली, "खुंटीचा रंग बघ की. पिवळीच हाय ती."

दादा अंथरुणात पडल्यापडल्या हसला. त्या आजारात तो पहिल्यांदा हसला तो तेव्हा. पुढे तो बरा झाला, पथ्य सुटलं, आणि आम्ही सगळे ते विसरलो.

दोन हजार सालानंतर शहापूरला एका रक्तदान शिबिरात दादा हौसेने रक्त देऊन आला. नंतर त्याला बोलावून सांगितलं की तुमच्या रक्तात कावीळ 'ब'चा विषाणू आहे, मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मी त्याला कल्याणला एका यकृताच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले की विषाणू बहुधा फार वर्षांपासून आत आहे, कदाचित लहानपणापासून. ती जुनी कावीळ म्हणजे मध्येच एकदा त्याने दाखवलेलं तोंड. यकृत थोडं खराब झालं होतं, पण हातातून गेलं नव्हतं. रोज एक गोळी घ्यायची. कधीपर्यंत, तर मी थांबा म्हणेपर्यंत. घरातल्या बाकीच्यांची तपासणी झाली. ती सुदैवाने ठीक आली आणि सगळ्यांना लस टोचली. आईने फार आढेवेढे घेतले. "आता मला कुटं नवीन आजार व्हायचा?" म्हणत होती. शेवटी नातीने हात धरून बसवलं.

पुतणीने प्रकल्पाला तो विषय का घेतला, हे तिने कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

गोळी सुरू झाल्यावर रक्तातल्या विषाणूचा आकडा मोजायची एक तपासणी करावी लागे. रक्त कल्याणहून मुंबईला जाई. पहिला आकडा इतका मोठा होता की अंक मोजायला मला बोट ठेवावं लागलं. काही महिन्यांनी तो एकदम खाली आला. त्याच्या पुढच्या रिपोर्टात आकडाच नव्हता. विषाणू आढळला नाही, असं लिहिलं होतं.

दादाने तो रिपोर्ट आईला वाचून दाखवला. आई उठली आणि कोंबडी कापायला सांगितली. मी वाशिंदहून सहकुटुंब गेलो, रस्सा खाल्ला. सगळे आनंदात होतो. वहिनी कितीतरी दिवसांनी वाढताना गुणगुणत होती. जेवणानंतर आई पदराखाली काहीतरी घेऊन ओहोळाकडे जाऊन आली. झाडपाला असेल म्हणून कुणी विचारलं नाही. झाडपाला यावेळी नव्हताच, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुतणी परीक्षा संपवून घरी आली ती त्यानंतर काही आठवड्यांनी. तो रविवार होता, मीही गेलो होतो. तिने आल्याआल्या दादाला विचारलं, "बाबा, गोळी घेतली?"

"आता कसली गोळी? पथ्य सुटलं ना."

"म्हणजे?"

"म्हंजे रिपोर्ट कोरा आला. सुटलं पथ्य. तुज्या आजीनं गोळ्या ओहोळात सोडल्या."

पुतणीने आजीकडे बघितलं. आजी शांतपणे तांदूळ निवडत होती. "उरलेलं औषध घरात नाय ठेवीत गो," ती म्हणाली. "तुला ठाव हाय."

"आजी, गोळ्या?"

"चांगली हळदकुंकू वाहून सोडल्या. तशाच नाय टाकल्या."

मी पुतणीला रागावलेलं पाहिलं होतं, रडतानाही पाहिलं होतं, पण ती घाबरलेली त्या दिवशी प्रथमच दिसली. ती ओटीवर बसली आणि मला म्हणाली, "काका, ही गोळी विषाणूला मारत नाही. फक्त नवीन बनू देत नाही. ती अचानक बंद केली की तो दुप्पट जोराने उसळू शकतो. बाबांचं यकृत आधीच दुखावलेलं आहे."

दादाने ते ऐकलं. "अगो, रिपोर्टात नाय म्हनून लिवलंय. मी वाचलं. मुंबईची मोठी माणसं काय खोटं लिवतील?"

"खोटं नाही बाबा. अपुरं आहे."

"तू दोन वर्सं शिकलीस न् मुंबईचा रिपोर्ट अपुरा!"

मग तिने वही काढली आणि खांबाला टेकून आम्हाला तिचं गणित सांगितलं. मला जसं समजलं तसं लिहितो, बारकावे तिच्याकडे.

यकृतात काही पेशी निरोगी असतात, काहींत विषाणू शिरलेला असतो आणि काही विषाणू रक्तात मोकळे फिरत असतात. ही तीन खाती. प्रत्येकात रोज काही येतं आणि काही जातं. विषाणू शिरलेल्या पेशी रोज नवे विषाणू बनवून रक्तात सोडतात, शरीर रोज ते साफ करतं. यातली येण्याजाण्याची गती कळली की उद्याची शिल्लक सांगता येते. तिच्या वहीतली समीकरणं दिसायला भीतीदायक होती. पण उजव्या बाजूला आधी अधिक, मग उणे, असंच सगळं होतं. मी म्हटलं, "हे तर आमचं स्टोअर आहे. आवक वजा जावक."

"तेच काका. तुमच्या स्टोअरमध्ये नटबोल्टची शिल्लक महिनोन्‌महिने तेवढीच राहिली तर काय समजायचं?"

"कामगार रोज नेतात आणि रोज तेवढेच येतात."

"की कुणी नेत नाही आणि कुणी आणत नाही?"

"शिलकीवरून ते कळत नाही," मी म्हटलं. "आवक-जावक बघावी लागते."

"बाबांचा आकडा इतकी वर्षं जवळपास एका पातळीवर असणार. लोकांना वाटायचं, असा विषाणू आत झोपून असतो. पण औषधाने आवक बंद करून बघितली तेव्हा आकडा भराभर उतरला. म्हणजे शरीर रोज प्रचंड प्रमाणात साफ करत होतं आणि रोज तेवढेच नवे बनत होते."

वहिनीचं माहेर तानसा तलावाकडचं. ती दारात उभी होती, म्हणाली, "तानसा पावसात भरलेला असतो तसं. पानी तेवढंच दिसतं. येतंय किती न जातंय किती, काठावर उभं राहून नाय कळत."

"आई, अगदी तसंच," पुतणी म्हणाली. वहिनीला बरं वाटलेलं दिसलं.

दादा मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकला होता. त्याने विचारलं, "म्हंजे मी भात लावीत होतो, भेंडी तोडीत होतो, तवा पन माझं आंग आत रोज झाडलोट करीत होतं?"

"रोज बाबा. एक दिवस सुट्टी न घेता."

दादा आपल्या हाताकडे बघत बसला. आजार कळल्यापासून तो स्वतःच्या शरीराबद्दल, नासलेल्या मालाबद्दल बोलावं तसा बोलायचा. त्या दिवसानंतर तसं बोलणं कमी झालं. पण गोळीबद्दल त्याचं म्हणणं होतं तेच राहिलं. झाडलोट झाली, रक्त साफ झालं, मग आता गोळी कशाला?

पुतणीने आलेख काढला. तिच्या कागदावर एक घर खाली म्हणजे आकडा दहावा हिस्सा. रेघ आधी सरळ खाली पडते, मग वळते आणि सावकाश उतरत राहते. आधीचा उतार मोकळ्या विषाणूंचा, ते लवकर साफ होतात. नंतरचा मंद उतार विषाणू शिरलेल्या पेशींचा, त्या हळूहळू मरतात किंवा शरीर त्यांना काढतं. कागदावर मध्येच तिने एक आडवी रेघ मारली. "तपासणीला यापेक्षा कमी दिसत नाही. बाबांची रेघ याच्या खाली गेली, एवढंच रिपोर्ट म्हणतो. विषाणू बनवणाऱ्या पेशी, म्हणजे त्याचे कारखाने, अजून आत आहेत, फक्त बंद आहेत. गोळी थांबली की ते पुन्हा सुरू होतील."

"दिसत नाय म्हंजे नाय," दादा म्हणाला. "तू रेघा मारतेस. रिपोर्टाला मशीन हाय."

तेव्हा मला आमचा वजनकाटा आठवला. "दादा, आमच्या काट्यावर ट्रक चढतो तेव्हा वजन बरोबर येतं. फाटकावर एक मांजर आहे. ऊन पडलं की काट्याच्या पत्र्यावर येऊन झोपते. तेव्हा आत आकडा काय दाखवतो, माहिती आहे? शून्य."

"काटा बिघडलाय मग."

"काटा सरकारी तपासणीत पास आहे. तो ट्रकसाठी बनवलाय. मांजराएवढं वजन त्याला कळत नाही. म्हणून काय मांजर नाही म्हणायची?"

दादा आईकडे वळून म्हणाला, "आये, ऐकलंस? माझ्या पोटात मांजर हाय."

आई तांदळातला खडा बाजूला टाकत म्हणाली, "न् दूध तू पाजतंस."

सगळे हसलो. पुतणी हसता हसता रडायला लागली, आणि मग मात्र दादा उठला. तिच्याजवळ बसून म्हणाला, "उद्या जाऊ कल्यानला. तू पन चल. डॉक्टरला तुजी वही दाखव."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे पहिल्या एस.टी.ने मुरबाडला आणि तिथून कल्याणला गेलो. डॉक्टरांनी गोळ्यांचं काय झालं ते ऐकलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी लगेच रक्त घेतलं आणि गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू केली. रिपोर्ट आला तेव्हा आकडा परतला होता आणि यकृताला सूज चढायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर मी तुम्हाला घरी जाऊ दिलं नसतं. वहीकडे त्यांनी कुतूहलाने पाहिलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं की उपचार या समीकरणावरून ठरत नाहीत, तपासण्यांवरून ठरतात. हे मीही स्पष्ट लिहून ठेवतो. औषध डॉक्टरांनी ठरवलं. पुतणीच्या गणिताने एवढंच केलं की डॉक्टरांचं म्हणणं दादाला पटलं. आमच्या घरात तेवढंच कमी होतं.

आईला काय सांगायचं हा प्रश्न होता. गोळ्या तिने श्रद्धेने सोडल्या होत्या, त्यावरून कुणी तिला बोल लावू नये असं दादाने सगळ्यांना बजावलं. तिला त्याने एवढंच सांगितलं, "आये, ह्या आजाराचं पथ्य सुटायचं नसतं. हे भातासारखं हाय, रोज खायचं." आई म्हणाली, "मग तसं आधी सांगायचंस ना. मी काय गोळ्यांची दुश्मन हाय?" त्यानंतर सकाळी चहाबरोबर गोळी दादाच्या हातावर ठेवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं. दादा विसरला तरी ती विसरत नसे.

पुढच्या तपासणीआधी पुतणीने अंदाज केला. गोळी पुन्हा सुरू झाल्यापासूनचा उतार धरून तिने सांगितलं की आकडा चार अंकी येईल. मला तेव्हा खरंच धाकधूक झाली. दादाची होतीच, पण थोडी तिचीही. रिपोर्ट आला, त्यात पाच अंक होते.

ती हिरमुसली. मुरबाडच्या स्टँडवर आम्ही धसईच्या गाडीची वाट बघत होतो. दादाने लाल कलिंगडाच्या फोडी आणल्या आणि तिच्या हातात एक दिली.

"अगो, उतरलाय ना आकडा?"

"उतरलाय बाबा. पण मी सांगितला त्यापेक्षा हळू."

"मग माझंच आंग हाय ते. मला कवा घाई बघितलीस?"

"तसं नाही. मी उतार दुसऱ्या रुग्णांच्या आकड्यांवरून धरला होता. त्यांच्या पेशींचा वेग, त्यांची साफसफाई. तुमची वेगळी आहे. प्रारूप बरोबर आहे, आत घातलेले आकडे तुमचे नव्हते."

दादाने कलिंगडाच्या बिया थुंकून टाकल्या आणि म्हणाला, "दाव परत ती वही."

तिने वही मांडीवर उघडली. पहिलं समीकरण निरोगी पेशींचं होतं. दादाने ओल्या बोटाने पानावर डाग पाडला.

"ह्यात सगळीकडं काय ना काय मरतंय, नाय तर किडा वाढतोय. मी ह्यातला कुटला?"

मला वाटलं, ती काहीतरी शास्त्रीय सांगेल. तिने पहिल्या ओळीतल्या पहिल्याच अक्षरावर बोट ठेवलं. त्याच्या आधी उणे चिन्ह नव्हतं. "हे तुम्ही बाबा. यकृत दररोज नव्या, निरोगी पेशी बनवतं, ते हे. विषाणू असो नसो, ते चालूच असतं. गोळीने कारखाने बंद ठेवले की ह्या नव्या पेशींना जागा मिळते. खराब झालेलं थोडं थोडं भरून येतं."

"भरून येतं?"

"बऱ्याच जणांचं येतं. वेळ लागतो. पूर्ण येईलच असं मी म्हणणार नाही."

"ह्याचा आकडा किती?"

"तुमचा अजून माहीत नाही. पुढचे रिपोर्ट आले की हळूहळू काढता येईल."

पुढे काही वर्षांनी त्या गोळीला विषाणू सरावला आणि डॉक्टरांनी दुसरी, जास्त चांगली गोळी दिली. तोवर यकृताची सूज गेली होती. नंतरच्या एका सोनोग्राफीत डॉक्टर म्हणाले की आधीपेक्षा बरं दिसतंय. पुतणीने दादाचे सगळे आकडे घालून उतार पुन्हा काढला आणि तो तिच्या पीएच.डी.च्या प्रबंधात एका नाव नसलेल्या रुग्णाचा म्हणून गेला. दादाला त्याचा फार अभिमान. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी स्टँडवर धसईची गाडी लागली. दादाने कलिंगडाची साल कोपऱ्यात चरणाऱ्या गायीपुढे टाकली, हात धोतराला पुसले आणि वही मिटून मुलीला दिली.

"चल लवकर," तो म्हणाला. "भेंडीला पानी द्यायचंय. दोन दिवस सुकलीय ती."

आणि गर्दीतून वाट काढत तो पुढे चढून आमच्यासाठी जागा धरून बसला.